व्हॉलीबॉलची सर्व्हिस बिघडली आहे : जागेवरून फ्लोट, जंप फ्लोट की जंप टॉपस्पिन?

ओळीने तीन सर्व्हिस नेटमध्ये गेल्या, कोचने बाहेर बसवलं, आणि आता शिट्टी वाजली की खांदाच आखडतो. अशा वेळी कुणी आणखी जोरात मारायला लागतं, तर कुणी बॉल कसाबसा पलीकडे ढकलून सुटका करून घेतं. दोन्हींनी दुखणं तिथंच राहतं. फ्लोट (बॉल न फिरवता मारलेली) की टॉपस्पिन (बॉल पुढे फिरवत मारलेली), कोणती सर्व्हिस धरायची हे ठरवण्याआधी चूक नेमकी कुठे होते ते मोजून पाहा.

सरावात दहा-दहाच्या तीन फेऱ्या मारा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. वहीत चार रकाने आखा : नेटमध्ये, लांब, बाजूला, आत. आत पडलेल्या प्रत्येक सर्व्हिसपुढे आणखी एक खूण करा : समोरच्या सेटरला (स्मॅशसाठी बॉल उचलून देणाऱ्या खेळाडूला) आपली जागा सोडून धावावं लागलं का? मग सामन्यांतल्या शेवटच्या ३० सर्व्हिसशी हे ताडून पाहा. सरावात ४ चुकतात आणि सामन्यात १२, असं असेल तर तंत्र ठीक आहे. सर्व्हिस बदलून काही साधणार नाही, मारण्याआधीचे काही सेकंद बसवावे लागतील. सरावातही १०-१२ चुकत असतील, तर आधी टॉसवर, म्हणजे मारण्यासाठी बॉल वर फेकण्यावर, संशय घ्या.

टॉस तपासायला चॉक पुरतो. उजव्या हाताने मारणाऱ्याने डावा पाय पुढे ठेवून उभं राहावं, पायाच्या साधारण एक फूट पुढे, उजव्या खांद्याच्या रेषेत ४० सेंमी व्यासाचं वर्तुळ काढावं. टॉस करा, बॉल मारू नका, पडू द्या. दहापैकी आठ टॉस वर्तुळात पडेपर्यंत उडी मारून करायच्या सर्व्हिसच्या वाटेला जाऊ नका. नियमाने टॉस एकदाच करता येतो. बॉल हातातून सुटला की वाईट टॉससुद्धा मारावाच लागतो.

जागेवरून फ्लोट

सर्वांत कमी हालचाली, म्हणून चूक सापडते लवकर. टॉस हाताच्या वर जेमतेम अर्धा मीटर, बॉल न फिरवता. मनगट ताठ, तळहाताचा मनगटाजवळचा कडक भाग बॉलच्या बरोबर मध्यावर, आणि बॉल सुटताच हात तिथंच थांबवायचा. बॉल फिरत नसल्यामुळे हवेचा दाब त्याच्या दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही, म्हणून तो वाटेत डुलतो किंवा अचानक खाली बसतो.

मोबाईलवर मागून स्लो मोशनमध्ये चित्रण करा आणि बॉलवरच्या छापील अक्षरांकडे बघा. अक्षरं स्थिर दिसली तर फटका मध्यावर बसला. बॉल मागे फिरतोय तर हात खालून लागतोय, पुढे फिरतोय तर मनगट मोडतंय, आडवा फिरतोय तर हात मध्य सोडून एका कडेला लागतोय. पुष्कळदा एवढ्यानेच दोन आठवड्यांचं अंधारात चाचपडणं वाचतं.

उणीव अशी, की हीच सर्व्हिस नेटच्या दीड-दोन मीटर वरून गेली तर चांगल्या रिसीव्हरला (समोरून सर्व्हिस घेणाऱ्याला) ती आयती मिळते. नेटच्या वर अर्धा मीटर आणि मागच्या दोन मीटरच्या पट्ट्यात, हे लक्ष्य ठेवा.

जंप फ्लोट

बॉल उंचावरून सुटतो, म्हणून सपाट जातो आणि रिसीव्हरला वेळ कमी मिळतो. टॉस मात्र छोटाच राहतो. आत्मविश्वास डळमळलेल्या पण टॉस शाबूत असलेल्या खेळाडूला आम्ही हीच सुचवू.

शेवटच्या रेषेच्या अडीच-तीन मीटर मागून डावा-उजवा-डावा अशी तीन पावलं. टॉस शेवटच्या दोन पावलांच्या सुरुवातीला, उंची थोडीच, दिशा किंचित पुढे. इथली नेहमीची चूक म्हणजे टॉस फार पुढे जाणं. मग अंग बॉलच्या मागे धावतं, कोपर खाली येतं, फटका खालून बसतो आणि बॉल लांब जातो. खेळाडूला वाटतं जोर जास्त झाला, म्हणून तो हात सैल सोडतो आणि पुढची नेटमध्ये घालतो. दुरुस्ती जोरात नाही, टॉसमध्ये आहे. दुसरी चूक पायाची : उडी घेताना रेषेला पाय लागला की गुण गेला. उतरताना आत पाय पडला तरी चालतं.

जंप टॉपस्पिन

टॉस तीन-चार मीटर उंच, धाव चार पावलांची, मनगट बॉलच्या वरून फिरवायचं. पुढच्या गिरकीमुळे बॉल खाली ओढला जातो, म्हणून जोरात मारूनही कोर्टात राहतो. नीट बसली तर थेट गुण देते. पण टॉस एक फूट हलला तरी सगळं कोसळतं, आणि उघड्या मैदानावर वारा तो हलवतोच. खांदा आणि गुडघे यांवर ताणही मोठा, म्हणून एका सरावात पूर्ण जोराच्या २०-२५ पुरेत. पाचव्या सेटमध्ये उडी कमी होते आणि तोच टॉस मग जास्त उंच ठरतो. नुकतंच संघाबाहेर बसलेल्याने पुनरागमनासाठी ही निवडू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

नुसत्या चुका मोजू नका

समजा २० सर्व्हिसमध्ये जागेवरच्या फ्लोटने १ चुकली आणि संघाला ६ गुण मिळाले. जंप फ्लोटने ३ चुकल्या पण ८ गुण मिळाले. प्रत्येक रॅलीला गुण असल्यामुळे पहिलीत १४ गुण समोर गेले, दुसरीत १२. जास्त चुकूनही दुसरीच फायद्याची. हा हिशेब वहीत दाखवून कोचशी बोला आणि एका सेटमध्ये किती चुका चालतील ते ठरवून घ्या. ती मोकळीक मिळाली की खांदा निम्मा सैल होतो.

सामन्यात शिट्टीनंतर मारायला ८ सेकंद असतात. लक्ष्य शिट्टीच्या आधीच ठरवा, शक्यतो ५ (मागची डावी) आणि ६ (मागची मधली) या जागांवरच्या दोन रिसीव्हरमधली फट. मग बॉल दोनदा आपटणं, एक लांब श्वास सोडणं, टॉस. सरावातली प्रत्येक सर्व्हिसही याच क्रमाने करा, घाईत टोपलीतून एकामागून एक बॉल उचलू नका. चुकल्यावर पुढच्या वेळी सर्व्हिसचा प्रकार बदलायचा नाही, फक्त लक्ष्य कडेकडून मध्याकडे आणायचं.

तीन आठवडे एकच प्रकार, आठवड्यातून चार दिवस, जागेवरून असेल तर ४०-५०, जंप फ्लोट असेल तर ३०. शेवटच्या दहा सर्व्हिस दमल्यावर, म्हणजे सरावाच्या अखेरीस. त्या दहांत आठ आत आणि त्यांपैकी निदान तीनवेळा सेटर जागेवरून हलला, असं सलग तीन सरावांत झालं तर पुढचा प्रकार सुरू करा. नाही झालं तर पुन्हा चॉकचं वर्तुळ काढा.