डॉ (डीएडब्ल्यू) मधला आवाज ओबीएसमध्ये नेणारा रीआस्ट्रीम : वापरानंतरचे परीक्षण

विंडोजवर घरून गाण्याचे थेट प्रक्षेपण करू पाहणाऱ्यांना हमखास एक अडचण येते. रीपर, क्यूबेस किंवा एबलटन लाइव्ह अशा डॉमध्ये (डीएडब्ल्यू, म्हणजे संगणकावर ध्वनिमुद्रण आणि मिश्रण करण्याचा प्रोग्रॅम) तानपुरा, हार्मोनियम आणि गळा व्यवस्थित मिसळलेला असतो, हेडफोनवर तो ऐकूही येतो; पण ओबीएस या थेट प्रक्षेपणाच्या प्रोग्रॅममधील डेस्कटॉप ऑडिओचा मीटर जागचा हलत नाही. याचे कारण असे, की एएसआयओ हा कमी विलंबाचा ध्वनी-ड्रायव्हर निवडल्यावर हा आवाज विंडोजच्या मिक्सरला वगळून थेट ऑडिओ इंटरफेसकडे (माइक आणि हेडफोन संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाकडे) जातो, आणि ओबीएस मात्र त्या मिक्सरमधूनच आवाज उचलत असते.

यावर मला सर्वांत पटलेला उपाय म्हणजे कॉकोस या कंपनीच्या रीआप्लग्ज या मोफत संचातील रीआस्ट्रीम हे छोटे प्लग-इन, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या आत बसणारा पूरक प्रोग्रॅम. रीपर बनवणारी कंपनी हीच. एकेकाळी घरोघरीच्या संगणकावर असलेले विनॅम्प लिहिणारे जस्टिन फ्रँकेल तिचे संस्थापक. रीआस्ट्रीमचा चेहरामोहरा मात्र त्याच काळातला वाटावा इतका साधा आहे. खिडकीत आवाज पाठवायचा की घ्यायचा एवढी निवड, एक ओळखनाव आणि एक पत्ता, यापलीकडे फारसे काही नाही.

डॉमध्ये ज्या ट्रॅकचा आवाज श्रोत्यांना द्यायचा त्यावर हे प्लग-इन लावून ते पाठवण्याच्या स्थितीत ठेवायचे, आणि ओबीएसमधील एखाद्या ऑडिओ स्रोतावर व्हीएसटी (प्लग-इनचा एक प्रचलित प्रकार) फिल्टर म्हणून तेच प्लग-इन घेण्याच्या स्थितीत बसवायचे. दोन्हीकडचे ओळखनाव एकच असले की काम झाले. दोन्ही प्रोग्रॅम एकाच संगणकावर असतील तर पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ लिहावे. ब्रॉडकास्टचा पर्याय तसाच ठेवला तर न दाबलेला, म्हणजे अनकम्प्रेस्ड आवाज घरच्या नेटवर्कभर फिरत राहतो आणि वाय-फायवर त्याचा विनाकारण भार पडतो.

याची खरी गंमत जागेच्या निवडीत आहे. प्लग-इन मास्टरवर, म्हणजे अंतिम मिश्रणावर, न लावता श्रोत्यांसाठी बनवलेल्या वेगळ्या बसवर (निवडक ट्रॅक एकत्र आणणाऱ्या मार्गावर) लावले, तर तबलजीच्या कानातला क्लिक (लय दाखवणारा ठोका) किंवा आपापसांतील सूचनांचा माइक त्या बसबाहेर ठेवता येतो, आणि प्रक्षेपणात नेमके हवे तेवढेच जाते. व्हॉइसमीटर बनानासारख्या आभासी मिक्सरनेही हे साधते, किंबहुना त्याची क्षमता कितीतरी अधिक आहे. परंतु त्यासाठी संगणकाची सगळी ध्वनिव्यवस्था त्याच्या हवाली करावी लागते, आणि केवळ गाणे पुढे पाठवायचे असणाऱ्याला तो पसारा जड जातो.

उणिवाही आहेत. रीआस्ट्रीम दोन्हीकडची घड्याळे, म्हणजे आवाजाच्या नमुन्यांची गती ठरवणारी यंत्रणा, जुळवत नाही. डॉ आणि ओबीएस दोन्हींचा सॅम्पल रेट (सेकंदाला घेतल्या जाणाऱ्या नमुन्यांचा दर) ४८ किलोहर्ट्‌झ ठेवणे म्हणूनच आवश्यक आहे, आणि तरीही लांबलेल्या बैठकीत मधूनच टिकटिक ऐकू येऊ शकते. ड्रायव्हर परवानगी देत असेल तर ओबीएसमध्येही डॉ वापरतो त्याच इंटरफेसचा इनपुट स्रोत म्हणून निवडावा, म्हणजे दोघांचे घड्याळ एकच राहते. चित्राचा प्रश्न निराळा. वेबकॅमचे चित्र बहुधा आवाजाच्या मागून येते, त्यामुळे सम पडल्यानंतर हात खाली येताना दिसतो. ओबीएसच्या प्रगत ऑडिओ गुणधर्मांत सिंक ऑफसेट मिलिसेकंदांत वाढवून हे सुधारता येते. त्यासाठी कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून छोटे ध्वनिमुद्रण करून पाहणे पुरेसे असते. जाता जाता, आवाजाचा बिटरेट मूळच्या १६० वरून ३२० केबीपीएस करावा. तानपुऱ्याच्या जवारीला तो फरक मानवतो.

हा मोफत संच विंडोजपुरताच आहे. मॅकवर ब्लॅकहोल हा आभासी ड्रायव्हर तेच काम करतो, फक्त तिथे स्वतःला ऐकू येण्यासाठी मल्टी-आउटपुट उपकरण (आवाज एकाच वेळी अनेक ठिकाणी पाठवणारी मांडणी) वेगळे बनवावे लागते. नवा इंटरफेस घ्यायचाच असेल तर लूपबॅक (संगणकातला आवाज पुन्हा इनपुट म्हणून देण्याची सोय) असलेला घ्यावा, जसे स्कार्लेट २आय२ च्या चौथ्या पिढीत ते आहे. पण जुना इंटरफेस सुस्थितीत असताना केवळ प्रक्षेपणासाठी तो बदलण्याचे, रीआस्ट्रीम फुकट मिळत असेपर्यंत, मला काही कारण दिसत नाही.