नाणार आणि जैतापूर: एकाच राजापूर तालुक्यातले दोन परदेशी पाहुणे

नाणारची रिफायनरी म्हणजे वर्षाला 6 कोटी टन तेलशुद्धीकरण. 2018 मध्ये सौदीची अरामको आणि अबुधाबीची ॲडनॉक मिळून निम्मा वाटा घेणार होत्या. विरोध पेटला, 2019 मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. मग रिफायनरीसाठी नवी जागा म्हणून याच तालुक्यातल्या बारसूचं नाव आलं. 2023 च्या एप्रिलमध्ये तिथल्या सड्यावर माती परीक्षणाची यंत्रं आली, तशी गावातली माणसं रखरखत्या उन्हात कातळावर ठाण मांडून बसली. तिथेच कातळशिल्पंही आहेत, युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीतली.

जैतापूरला फ्रेंच तंत्रज्ञान, 1650 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या. धूर नाही, कार्बन नाही. हरित धोरणाच्या चष्म्यातून हा जावई लाडका ठरायला हवा. पर्यावरण मंत्रालयाने 2010 मध्ये 35 अटी घालून मंजुरी दिलीही. पण साखरीनाट्याच्या मच्छीमारांचा सवाल साधा होता: भट्टीतून येणारं कोमट पाणी खाडीच्या तोंडाशी सोडलं, तर मासळी कुठे जाईल? त्यावर वीजदराचा घोळ, आणि अपघात झाल्यास भरपाईचा भार पुरवठादारांवरही टाकणारा, म्हणून त्यांना नकोसा वाटलेला 2010 चा अणुदायित्व कायदा.

माझ्या मते तेलाचा प्रकल्प लोकांनी अडवला, अणूचा मुख्यतः हिशोबाने. कार्बन न सोडणाऱ्या प्रकल्पाला कोकणात विरोध कमी होतो, असं निदान माडबनकडे, म्हणजे जैतापूर प्रकल्पाच्या जागेवरच्या गावाकडे, पाहून तरी म्हणवत नाही. जमीन, खाडी आणि आंबा यांची हमी कुणी लेखी देतो का, गावकरी ते आधी विचारतात.