म्हसवडचं घोंगडं : टोचतं, वास येतो, तरी दुसरं सांगून ठेवलंय

सहा महिने वापरून मग लिहितेय. नव्याचे नऊ दिवस कधीच संपले.

आधी फसले ते सांगते. पहिलं घोंगडं फोनवर फोटो बघून मागवलं होतं, १,४०० रुपयांना. खाली लिहिलेलं 'शंभर टक्के शुद्ध लोकर'. हाताला मऊ लागलं तेव्हाच शंका यायला हवी होती. नवऱ्याने कडेचा एक धागा ओढून गॅसवर धरला. खरी लोकर जळली की केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. आमचा धागा वितळला आणि टोकाला टणक काळा मणी झाला. ते घोंगडं आता गाडीच्या डिकीत पंक्चरच्या सामानाखाली आहे.

मग मंगळवेढ्याला लग्नाला जाताना वाट वाकडी करून साताऱ्याच्या माणदेशातल्या म्हसवडला गेलो. सिद्धनाथाचं दर्शन घेतलं आणि विचारत विचारत एका सनगर आजोबांच्या घरी पोचलो. घोंगडी विणायचं काम सनगरांचं, मेंढरं धनगरांची. ही वाटणी मला चाळिशी उलटेपर्यंत माहीत नव्हती, हेही कबूल करते. माग जमिनीलगत, पाय खड्ड्यात सोडून बसायचं. आजी उंबऱ्याशी लोकर पिंजत होत्या. कोपऱ्यात पातेल्यात चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, भिजवून, कुटून केलेली ही खळ ताण्याच्या धाग्यांना फासतात, म्हणून नवं घोंगडं पुठ्ठ्यासारखं उभं राहतं. मागाचा पन्हा कमी, त्यामुळे दोन पट्ट्या विणून मधोमध हाताने शिवलेल्या असतात. माझ्या घोंगड्याची शिवण एका जागी जराशी वाकडी आहे. मला ती आवडते, नवऱ्याला खुपते.

किंमत ३,२०० रुपये. घासाघीस केली नाही. कातरणं, पिंजणं, सूत काढणं, खळ, विणणं, एवढ्या हातांचा हिशेब तिथे उभ्या उभ्या केला आणि गप्प पैसे दिले.

आता वापराचं. टोचतं. पहिला महिना चादर घातल्याशिवाय अंगावर घेता आलं नाही. खळीची पूड गादीवर सांडते, रोज झटकायला लागतं. पावसाळ्यात मेंढराचा वास येतो. मुलगी म्हणते, 'आई, खोलीत कळप शिरलाय.' मशीनला अजिबात लावू नका, आटून पायपुसणं होईल. उन्हात घाला, काठीने झोडा, बास. घोंगड्याने कंबरदुखी जाते असं चार जणांनी सांगितलं होतं. माझी गेली नाही. पण थंडीत दोन दुलयांचं काम एकटं करतं, आणि ऑगस्टमध्ये खिडकीतून आलेल्या सरीचं पाणी बराच वेळ वरच थेंबाथेंबाने उभं होतं. मेंढक्या भर पावसात याचीच खोळ करून माळावर का उभा राहतो, ते तेव्हा कळलं. आता सहा महिन्यांनी खळ गेलीय आणि ते अंगाला वळायला लागलंय.

रंग दिलेला नाही. काळं आहे ते दख्खनी मेंढीचं काळं. मधला तांबूस पट्टाही मेंढीचाच.

दुसऱ्या आठवड्यात रात्री दंडाला काहीतरी बोचलं. दिवा लावून पाहिलं तर विणीत अडकलेलं कुसळ. कुसळी गवताचं, टोकदार, मागे लांब पिळदार शेपटी. ओल्या तळहातावर ठेवलं तर ते आपोआप फिरायला लागलं, घड्याळाच्या काट्यासारखं. पाऊस पडला की पीळ सुटतो आणि बी असंच फिरत फिरत मातीत घुसतं. कातरणं, पिंजणं, माग, सगळ्यांतून वाचून हे कुसळ माणदेशातून माझ्या हडपसरच्या पलंगापर्यंत आलं होतं. पोरीने ते डबीत ठेवलंय.

म्हसवडहून निघाल्यावर रस्त्याकडेच्या माळावर धनगरांचा एक वाडा, म्हणजे फिरता तळ, उतरलेला दिसला होता. घोडी, कुत्री, कोंबड्या, वाघर म्हणजे जाळी लावून कोंडलेली कोकरं. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. मी सहज म्हटलं, 'एवढा उजाड माळ, झाडं लावली तर किती बरं होईल.' मेंढके मामा हसले. 'ताई, माळ काय नागडा हाय व्हय झाकाया?' मग त्यांनी बसल्या जागेवरून गवतं दाखवली. पवना, शेडा, मारवेल, कुसळी. मला सगळं एकच पिवळं दिसत होतं.

मला ते लागलं, कारण आमच्या ऑफिसनेही असाच एक माळ 'हिरवा' करायला घेतला होता. बसमधून गेलो, टोप्या घातल्या, गवत उपटून खड्डे केले, गुलमोहर आणि गिरिपुष्प लावलं, फोटो काढले. या पट्ट्यात पाऊसच पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, तिथे मुळात गवताचंच राज्य. चिंकारा, खोकड, लांडगा, धाविक आणि माळढोक पक्षी ही सगळी उघड्यावर जगणारी मंडळी, त्यांना लांबवर दिसायला लागतं. पण सरकारी नकाशात असल्या जमिनी पडीक म्हणून रंगवल्या जातात, आणि पडीक म्हटलं की कुणीही काहीही करायला मोकळा. रोपं जगावीत म्हणून आधी चराई बंद. म्हणजे ज्याचा माळ, तोच बाहेर.

मामा काही साधुसंत नाहीत. कळप एकाच जागी बसून राहिला तर माळाची माती होते, हे त्यांनीच सांगितलं. म्हणून तर दिवाळीनंतर घाट उतरून जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. वाटेत शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य नाहीतर पैसे देतात. मधल्या काळात माळाला विसावा मिळतो. मागल्या साली लांडग्याने दोन कोकरं नेली. राग नाही आला? 'येतो की. पर त्यो बी हितलाच.' सगळेच असं म्हणत नाहीत, कोणी विषही घालतं, हेही त्यांनीच सांगितलं. पण लांडगा अजून माळावर आहे तो अशा माणसांच्या जिवावर, एवढं मला पटलं.

मात्र त्यांच्या कळपात निम्मी मेंढरं पांढरी-तांबूस होती. ती जतकडची माडग्याळ जात. अंगाने मोठी, मटणाला भाव चांगला, लोकर जवळजवळ नाहीच. दख्खनीची लोकर कातरायची मजुरीसुद्धा सुटत नाही, बऱ्याचदा ती तिथेच टाकून देतात. मग काळी मेंढी कोण पाळणार? आणि काळी मेंढी गेली की आजोबांचा मागही गेला. माझ्या ३,२०० रुपयांतले मेंढक्याला किती पोचले, हे मी आजोबांना विचारलं. त्यांनी उत्तर द्यायच्या आधी आजींकडे पाहिलं. फार नाहीत.

२०२६ हे संयुक्त राष्ट्रांनी कुरणांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलंय. मामांना सांगितलं तर म्हणाले, 'बरं झालं. रानात बसू देत्याल का मंग?'

कोणी घ्यावं : ज्यांना दोन महिने टोचून घ्यायची तयारी आहे त्यांनी. नाकाने नाजूक असाल तर नका घेऊ. शक्यतो विणणाऱ्याच्या दारात जाऊन घ्या, आणि धागा जाळून बघायला लाजू नका, आजोबांनी स्वतःहून काडी पुढे केली होती. पावसाळ्यात खळ वाळत नाही, तेव्हा घाई करू नका.

धाकट्या जावेसाठी दुसरं सांगायला मागच्या आठवड्यात फोन केला. आजोबा म्हणाले, काळी लोकर संपलीय, थांबावं लागेल. किती दिवस? 'आता मेंढरं घाटाखाली गेल्याती. ती आल्यावर बघू.'