आबांचा पिवळ्या गाद्यांचा हेडफोन आणि माझा नवा ब्लूटूथ

आबा पॅटर्न मेकर, म्हणजे ओतकामासाठी नमुने बनवणारे, होते. माझ्या जन्माच्या आधी, 1972 साली, कामासाठी दोन महिने जर्मनीला गेले आणि येताना सेनहायझर कंपनीचा एचडी 414 हेडफोन घेऊन आले. गेल्या महिन्यात कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घराचा माळा आवरताना तो सापडला. गाद्यांचा स्पंज हात लावताच भुगा झाला, पण बाकी सगळं शाबूत. मी उद्यमनगरात फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहे, मोजल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून माझ्या दोन वर्षांच्या ब्लूटूथ, नॉइज कॅन्सलिंग हेडफोनशेजारी ठेवून तीन आठवडे दोन्ही ऐकले.

आधी तो वाजायला हवा ना! पाच पिनांचा जर्मन प्लग आता कशातच बसत नाही. राजारामपुरीतल्या रिपेअरवाल्या दादांनी 6.35 मिमीची जाड पिन जोडून दिली. नव्या पिवळ्या गाद्या ऑनलाइन मागवल्या. उजवी बाजू बारीक वाजत होती, ती वायरीच्या पिना स्पिरिटनं पुसल्यावर सुधारली. मोबाईलवर मात्र आवाज अगदी दबका. याचा इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) 2000 ओहम, हल्लीच्या वायरवाल्या हेडफोनचा बहुतेक 16 ते 32. याला करंट थोडा पुरतो, व्होल्टेज जास्त लागतं, आणि ते मोबाईल देत नाही. आबांच्या जुन्या अॅम्प्लिफायरला लावला आणि तो मोकळा झाला.

मोकळा हा शब्द मुद्दाम वापरलाय. 1968 साली बाजारात आलेला हा पहिला ओपन हेडफोन. मागची बाजू बंद नाही, गादी कानावर नुसती टेकते. त्यामुळं आवाज डोक्यात कोंडत नाही.

डेसिबल मीटरच्या अॅपनं दोन्हींचा आवाज साधारण सारखा केला, कारण जरा मोठं वाजणारं कानाला नेहमीच जास्त चांगलं वाटतं. पहिल्यांदा लावल्या केसरबाई केरकर. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते, त्यामुळं कोल्हापुरात हे गाणं घरचंच. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवरची साडेतीन मिनिटांची चीज. नव्या हेडफोननं तबकडीची खालची घरघर उचलून फुगवली आणि बाईंचा आवाज तिच्या मागे गेला. त्या काळच्या रेकॉर्डिंगमध्ये खरा बास फारसा नसतोच, मग तो वाढवून हाती काय लागणार? एचडी 414 खाली कमी पडतो आणि मधले स्वर पुढे आणतो. बाईंचा ‘आ’कार सबंध, भरीव, समोर उभा राहिला. तान कुठं वळते, श्वास कुठं घेतलाय, सगळं कळलं. मी तीच तबकडी चार वेळा ऐकली.

मग खासबागेत कुस्तीच्या वेळी मोबाईलवर रेकॉर्ड केलेली हलगी लावली. इथं जुना हरला. घुमक्याचा (हलगीच्या साथीचं वाद्य) घुमार जवळजवळ गायब, कैताळ (मोठ्या झांजा) टोचायला लागले. नव्या हेडफोनमध्ये घुमकं छातीत वाजलं. मुलगा म्हणाला, “आई, हे लई भारी, ते ठेव बाजूला.” हलगीपुरतं त्याचं बरोबर आहे.

केएमटीच्या बसमध्ये जुना काहीच कामाचा नाही. बाहेरचं सगळं आत येतं आणि आपलं गाणं शेजारच्या काकू ऐकतात. नवा हेडफोन बाहेरचा आवाज माईकनं पकडून त्याची उलटी लाट वाजवतो, त्यामुळं इंजिनची एकसारखी घरघर विरून जाते. कंडक्टरची हाक तेवढी येते, कारण अचानक आलेला आवाज त्याला पुरता कापता येत नाही. मात्र त्याची बॅटरी आत बंद आहे. दमली की काय करायचं हे दुकानदाराला विचारलं तर “नवा घ्या” म्हणाला. आबांचा हेडफोन हातानं सुटा होतो, वायर दोन्ही बाजूंनी निघते. पन्नास वर्षांनी तो दुरुस्त झाला तो यामुळंच.

हौशी लोक जुन्या पीसला भलते पैसे मागतात, ते देऊ नका. हलका, मोकळा आवाज हवा असेल तर कॉस कंपनीचा पोर्टा प्रो बघा. 1984 चं मॉडेल आहे, नवं कोरं मिळतं आणि 60 ओहमचा असल्यानं मोबाईलवर चालतो. घरात शांतपणे ख्याल ऐकायचा असेल आणि अॅम्प्लिफायर असेल तर सेनहायझरचाच एचडी 600.

माझं सध्या असं ठरलंय: बसमध्ये नवा, रात्री जेवणं झाल्यावर आबांचा. डाव्या बाजूची वायर मान वळवली की अजून खरखरते. रविवारी ती पुन्हा राजारामपुरीत घेऊन जाणार आहे.