दहावीचं गणित: राज्य मंडळ की सीबीएसई?

‘मुलगी सातवीत आहे, आठवीला सीबीएसईत घालू का?’ हा प्रश्न मला दरवर्षी उन्हाळ्यात चार-पाच पालक तरी विचारतात. गेली अठरा वर्षं मी मिरजेत आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सकाळी राज्य मंडळाची मुलं येतात, संध्याकाळी सीबीएसईची. दोन्ही बोर्डांची पुस्तकं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडलेली असतात. भाषा, इतिहास, फी, बस यांचा विचार तुम्ही करालच. मी फक्त गणिताबद्दल सांगते.

परीक्षेचा साचा आधी बघू. राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे दोन पेपर असतात. भाग १ बीजगणित, भाग २ भूमिती. दोन्ही ४० गुणांचे, दोन-दोन तासांचे आणि वेगवेगळ्या दिवशी. त्यात २० गुणांचं अंतर्गत मूल्यमापन मिळवून शंभर होतात. सीबीएसईत ८० गुणांचा एकच पेपर तीन तासांत सोडवायचा, अंतर्गत २० गुण तिथेही आहेत. सीबीएसईच्या पेपरात ३८ प्रश्न येतात. त्यातले पहिले २० एकेका गुणाचे बहुपर्यायी असतात आणि शेवटी एखादी घटना किंवा प्रसंग देऊन त्यावर विचारलेले तीन प्रश्न असतात. राज्य मंडळाच्या पेपरात ‘कृती पूर्ण करा’ हा प्रकार असतो. त्यात उत्तराच्या पायऱ्या छापलेल्या असतात आणि मधल्या चौकटी मुलांनी भरायच्या असतात. अडखळणाऱ्या मुलाला या चौकटींचा मोठा आधार होतो. हुशार मुलाला मात्र त्यांची सवय लागू देऊ नका, कारण पूर्ण उत्तर स्वतःच्या हातानं लिहायचा सराव तिथे कमी पडतो.

पण हे सगळं वरवरचं झालं. खरा फरक भूमितीत आहे.

राज्य मंडळाच्या भाग २ मध्ये समरूपता, पायथागोरसचं प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन येतं. सीबीएसईत रचना सोडल्या तर नावं साधारण हीच दिसतात. फरक पडतो तो सिद्धतेत. राज्य मंडळाचं मूल समरूप त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचं प्रमेय, कोनदुभाजकाचं प्रमेय, पायथागोरसचं प्रमेय, अंतर्लिखित कोनाचं प्रमेय, स्पर्शिका-छेदिकेचं प्रमेय सिद्ध करायला शिकतं. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असं ओळीनं लिहायचं आणि प्रत्येक ओळीपुढे कारण द्यायचं. सीबीएसईच्या दहावीत त्रिकोणांच्या प्रकरणात सिद्धता येते ती प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची, वर्तुळात स्पर्शिकांच्या दोन प्रमेयांची. समरूपतेच्या कसोट्या उदाहरणांतून पटवून देतात आणि पुढे वापरतात. पायथागोरसची सिद्धता अलीकडच्या कपातीत दहावीतून गेली. माझ्या मते हे नुकसान आहे. ‘का?’ या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत न्यायची सवय मुलांना शाळेत फक्त भूमितीत लागते.

भौमितिक रचनांचंही तसंच. सीबीएसईनं दहावीतून त्या काढल्या, राज्य मंडळानं ठेवल्या. वर्तुळाबाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची असेल तर केंद्र आणि तो बिंदू जोडायचा, त्या रेषाखंडाचा लंबदुभाजक काढायचा, मध्यबिंदूवर कंपासचं टोक रोवून केंद्रातून जाणारं वर्तुळ काढायचं. ते मूळ वर्तुळाला जिथे छेदतं तिथून स्पर्शिका जाते. गेल्या वर्षी एका मुलानं ही रचना अगदी नेटकी काढली आणि वहीवरून मान वर करून विचारलं, ‘बाई, पण ती बरोबर तिथेच का लागते?’ मी त्याला म्हटलं, अर्धवर्तुळात काढलेला कोन आठव. दोन मिनिटं तो गप्प बसला, मग स्वतःच म्हणाला, ‘काटकोन! त्रिज्या आणि स्पर्शिका!’ पेन्सिलीचा कंस कागदावर उमटलेला नसता तर हा प्रश्न त्याला पडलाच नसता.

राज्य मंडळाच्या बीजगणितात आणखी एक प्रकरण आहे, अर्थनियोजन. त्यात जीएसटीचं बिल, शेअरची दर्शनी किंमत आणि बाजारभाव, दलाली हे सगळं येतं. हजार रुपयांच्या वस्तूवर १८ टक्के कर म्हणजे केंद्राचे ९० आणि राज्याचे ९०, हे मुलं दुकानाचं खरं बिल हातात घेऊन तपासतात. सीबीएसईच्या दहावीच्या गणितात असं प्रकरण नाही.

आता सीबीएसईची बाजू. गणिताची भीती असलेल्या मुलासाठी तिथे एक वाट आहे, जी राज्य मंडळात सध्या नाही. २०२० च्या परीक्षेपासून सीबीएसईत दहावीला स्टँडर्ड आणि बेसिक असे गणिताचे दोन पर्याय आहेत. अभ्यासक्रम तोच, बेसिकचा पेपर सोपा. ज्याला पुढे कला शाखेकडे जायचं आहे, त्याच्या डोक्यावरचं ओझं यानं खरोखर उतरतं. पण बेसिक हे मुळात पुढे गणित न घेणाऱ्यांसाठी आहे. मध्यंतरी बोर्डानं बेसिकवाल्यांना अकरावीत गणित घ्यायची सवलत दिली होती, म्हणून ती कायम मिळेल असं धरून चालू नका. त्या वर्षीचं परिपत्रक स्वतः वाचा. शिवाय २०२६ पासून सीबीएसईची दहावीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. पहिली द्यावीच लागते, दुसरी गुण सुधारण्यासाठी ऐच्छिक आहे.

पुढे अभियांत्रिकीचा विचार असेल तर बारावीकडेही बघा. एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्यातल्या अभियांत्रिकी प्रवेशाची परीक्षा, राज्याच्या अभ्यासक्रमावर बेतलेली आहे. ८० टक्के भर बारावीवर, २० टक्के अकरावीवर, गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे आणि चुकीला गुण कापत नाहीत. तर्कशास्त्र, रेषांच्या जोड्या हे राज्याच्या बारावीत शिकवतात. सीबीएसईच्या मुलाला सीईटीसाठी ते वेगळं बसून करावं लागतं. आयआयटीसारख्या संस्थांच्या प्रवेशासाठी असलेल्या जेईईचं लक्ष्य असेल तर सीबीएसईत वापरतात त्या एनसीईआरटीच्या पुस्तकांची सवय कामी येते. आणि वडिलांची नोकरी राज्याबाहेर बदलीची असेल तर प्रश्नच मिटला, सीबीएसई घ्या.

पालक सगळ्यात कमी विचारतात ती गोष्ट म्हणजे भाषा. मराठी माध्यमातून आलेलं मूल मनात ‘लंबदुभाजक’ म्हणतं. तो शब्द त्याला अर्थ सांगतो: लंब आहे आणि दोन भाग करतो. आपल्या भागातल्या सीबीएसईच्या शाळा इंग्रजी माध्यमाच्या. तिथे एका रात्रीत प्रत्येक संज्ञा नवी होते आणि गणित कच्चं नसलेलं मूलही वर्षभर गप्प बसतं. सेमी-इंग्रजीतून आलेल्या मुलांना हा त्रास जवळजवळ होत नाही.

म्हणून माझं सांगणं असं. मूल मराठी माध्यमात असेल, त्याला ‘का’ विचारायची खोड असेल आणि तुम्ही महाराष्ट्रातच राहणार असाल, तर फक्त गणितासाठी बोर्ड बदलू नका. बदलायचंच असेल तर सहावीच्या आत बदला. नववीत तर मुळीच नको. राज्य मंडळात त्रिकोणमिती नववीतच सुरू होते, सीबीएसईत दहावीत. नववीच्या मध्यावर इकडून तिकडे गेलेल्या मुलांच्या पायथ्यात खड्डे राहतात आणि ते मला दहावीत बुजवावे लागतात.

निर्णय घेण्याआधी एक करून बघा. बालभारती आणि एनसीईआरटी दोघांचीही पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. दहावीचं समरूपतेचं प्रकरण दोन्हीकडून छापून घ्या आणि रविवारी दुपारी मुलीच्या पुढ्यात ठेवा. शिकवू नका, नुसतं शेजारी बसा. कुठल्या पानावर ती पेन्सिल उचलते ते बघा.