रामकुंडाजवळ कानातून ‘खडे’ काढणारे

खांद्याला पिशवी अडकवून, चिमटा आणि बारीक सळई घेऊन कानातला मळ काढणारे नाशिकच्या गोदाघाटावर फिरत असतात. घरातल्या वयस्कर माणसांना त्यांच्या हाती लागू देऊ नका, ही कळकळीची विनंती. आता सिंहस्थामुळे घाटावरची गर्दी वाढणार आहे, म्हणून मुद्दाम लिहितोय.

पावसाळ्यात आमच्या अण्णांच्या उजव्या कानाला दडा बसला होता. एका विधीसाठी ते काकूंबरोबर रामकुंडावर गेले असताना एकाने गाठलं. “काका, नुसतं बघतो. पटलं तर 20 रुपये द्या.” त्याने कानात काहीतरी सोडलं, कान फसफसला. “बघा किती घाण साचलीय!” मग चिमट्याने एक पिवळट खडा काढून अण्णांच्या तळहातावर ठेवला. त्यामागून दुसरा, तिसरा. “हे आत राहिले असते तर बहिरे झाला असता.” खड्याला 300 रुपये, असे 1800 उकळले. वर कानात तेल ओतून कापसाचा बोळा कोंबला. घाबरलेला माणूस घासाघीस करत नाही, हे या लोकांना पक्कं ठाऊक असतं.

पुढे कानाला खाज सुटली, मग ठणका लागला आणि कान वाहू लागला. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून पाहिलं तर आत बुरशी माजलेली, ओल्या वर्तमानपत्राच्या लगद्यासारखी. ती सक्शनने ओढून काढल्यावर खाली पडद्याला भोक दिसलं.

डॉक्टरांनी खडे पाहिले आणि सांगितलं, कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटरची, हरभऱ्याएवढे सहा खडे तिच्यात मावतील कुठे? ते बोटांत किंवा कापसात आधीच लपवलेले असतात. हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की फेस येतोच, त्यावरून आत घाण आहे असं ठरत नाही. मळ तर बहुतेकांच्या कानातून आपोआप बाहेर येतो.

अण्णांना मधुमेह आहे. अशा रुग्णात कानाचा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे साखरेवरही लक्ष ठेवावं लागलं. बुरशीवरचं औषध सुरू झालं. कान कोरडा ठेवायचा, आंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस घालायचा, नाक जोरात शिंकरायचं नाही आणि घरातलं कुठलंही तेल घालायचं नाही. लहान भोक बहुतेकदा दीड ते तीन महिन्यांत आपोआप भरतं. नाही भरलं तर ऑपरेशन. अण्णांचं भरत आलंय, पण त्या कानाने ऐकू अजून कमी येतं. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी, पुन्हा करायचीय.

खर्चाच्या भीतीने कुणी थांबत असेल तर त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा रुग्णालयात कान दाखवता येतो. कुणी घाटावर कानात काही घालून घेतलंच असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. पडदा फाटलेला असताना काही थेंबांनी कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. कान तपासून होईपर्यंत घरातले जुने थेंबही घालू नका.