पितळी ताटं की चिनी मातीच्या बश्या?

दिवाळीला टेबल मांडताना आजीची पितळी ताटं काढावीत, की चोरबाजारातून एकेक करून जमवलेल्या निळ्या-पांढऱ्या बश्या? पितळ दिव्यांच्या उजेडात असं झळकतं की झेंडूच्या चार फुलांपलीकडे सजावट लागत नाही. पण आदल्या दिवशी चिंच लावून घासायचं कोणी? शिवाय कल्हई उडालेल्या वाटीत कढी वाढायची नाही. आंबट पदार्थ कळकतो. आणि हल्ली कल्हईवाला शोधायचा म्हणजे दिव्यच!

बश्यांना ही भानगड नाही. एकीची नक्षी दुसरीशी जुळत नाही, हीच गंमत. निळा रंग तेवढा सगळ्यांत हवा, खाली साधी पांढरी चादर. सोनेरी काठाची बशी मात्र मायक्रोवेव्हमध्ये नको, ठिणग्या उडतात.

आमच्याकडे जेवणाला पितळ, फराळाला बश्या.